बामीच्या टाचेतलं तेल

खाडीच्या तोंडाशी निगडखार नावाचं गाव आहे. तिथे श्रीकेवळनाथ महाराज सलग अकरा वर्षं राहिले, ही त्या गावाची पुण्याई. आणि राहिले तरी कुठे? देवळात नाही, कुणाच्या माडीवर नाही. बंदरापाशी मिठाची एक जुनी वखार रिकामी पडली होती. खाऱ्या हवेने भिंतींचा चुना सोललेला, दाराच्या बिजागऱ्या गंजून गळालेल्या. महाराज म्हणाले, "इथे बरं आहे. इथे कुणी फुकटच्या गप्पा मारायला यायचं नाही." ते असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून वखारीत माणसं मावेनात!

महाराजांचा स्वभाव तापट होता. हे लपवण्यात काही अर्थ नाही, ज्यांनी त्यांना पाहिलं ते सगळे हेच सांगतात. एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली की हातातला ताडाच्या पानाचा विंझणा ते जमिनीवर आपटत. नवखा माणूस घाबरून जाई. जुने भक्त मात्र त्या आपटण्याची वाट बघत बसत. विंझणा आपटला म्हणजे महाराजांनी आपलं दुखणं मनावर घेतलं, अशी त्यांची खात्री होती.

निगडखारचं पोट मिठावर चाले. दिवाळी झाली की मिठाच्या आगरातल्या वाफ्यांमधलं पावसाचं पाणी काढून टाकायचं आणि तळाचा चिखल पायांनी तुडवायचा. बायकांची ओळ उभी राही, एकीचा हात दुसरीच्या कमरेत, आणि गाण्याच्या तालावर पावलापुढे पाऊल. याला तिथे 'पाय देणं' म्हणतात. ओळ सगळ्या वाफ्यांतून फिरे, पण एकेक वाफा एकेकीच्या नावावर असे. पंधरा-वीस दिवस पाय दिले की तळ फरशीसारखा घट्ट होतो. मग खाडीचं पाणी थोडं आत घ्यायचं, पुन्हा पाय द्यायचे, पुन्हा पाणी. तळ घट्ट असेल तर पाणी वरच राहतं, उन्हाने आटत जातं आणि माघात मीठ धरतं. म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंत त्या बायकांचे पाय एक तर चिखलात, नाही तर खाऱ्या पाण्यात.

त्या पायांचं काय होत असेल ते सांगायला नकोच. आधी कातडी पांढरी पडून कोरडी होते. मग चवड्यांखाली घट्टे धरतात, इतके की काटा मोडला तरी कळत नाही. टाचांना जळवात होऊन उभ्या चिरा पडतात, आणि त्या चिरांत खारं पाणी गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. यावर उपाय काही अवघड नाही, अख्ख्या कोकणाला ठाऊक आहे. संध्याकाळी पाय कोमट पाण्यात भिजवावेत, वज्रीने हलक्या हाताने घासून मेलेली कातडी काढावी, कोरडे करावेत, आणि कोकमाच्या तेलाच्या पांढऱ्या गोळ्यातला तुकडा पळीत वितळवून सोसेल तेवढा गरम चिरेत सोडावा. वर जुन्या लुगड्याची चिंधी बांधावी. चार-आठ दिवसांत चीर बुजते.

पण निगडखारच्या आगरात नेमकं हेच चालत नसे!

"तेलकट पायाला मीठ रुसतं," असं तिथे म्हणत. पहिला पाय पडल्यापासून पहिलं मीठ ओढेपर्यंत पाय देणाऱ्या बाईने तळव्याला तेलाचं बोट लावायचं नाही. आगराचा मालक पोशाशेट रोज सकाळी बांधाच्या तोंडाशी पाण्याने भरलेली परात घेऊन बसे. प्रत्येकीने तिच्यात पाऊल बुडवायचं. शेट मान वाकडी करून उन्हाच्या तिरिपेत पाण्याकडे बघे. पाण्यावर तवंग दिसला की ती बाई घरी, आणि त्या हंगामाचं काम गेलं.

हा पोशाशेट जन्माने काही शेट नव्हता. तरुणपणी त्यानेही याच चिखलात पाय दिले होते. त्यामुळे तर बोलायची सोयच नव्हती. कुणी टाच दाखवली की म्हणे, "आमी नाय पाय दिलं? आमचे आयशीनं दिलं, आजीनं दिलं. कदी तेल चोलला? तुमीच बऱ्या लोण्याच्या निंघाल्या!" आता त्याच्या पायांत वहाणा असत आणि त्याचे तळवे किती मऊ पडले होते ते त्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला माहीत होतं. पण ते त्याला सांगणार कोण?

या आगरात बामी नावाची एक पोर पाय द्यायला येई. पोरच म्हणायची, बावीस वर्षांची. नवरा गलबतावर खलाशी, आठ-आठ महिने बाहेर. घरात ती आणि तिची नऊ महिन्यांची लेक येशी. बांधावर तीन काठ्या एकत्र बांधून त्यांना ती झोळी टांगायची, झोळीत येशी, आणि वीस पावलांवर वाफ्यात बामी. ओळीतल्या बाकीच्या बायका गाताना पुढे बघत. बामीची मान सारखी बांधाकडे. झोळी हलायची थांबली की हिचं पाऊल चुकलंच.

"अगो, चाल नं सरल!" शेजारची नामीआजी ओरडे. "पोर काय उडून जातंय?"

बामीची महाराजांवर निष्ठा होती. दर गुरुवारी काम सुटलं की तांदळाची एक भाकरी फडक्यात बांधून ती वखारीशी येई. त्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ती आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

महाराज म्हणाले, "आत ये."

"नको बाबा, इथनंच बरी हाय."

"का? आत वाघ आहे?"

"आताच सारवलंय. पायाला रगत हाय. सारवन खराब होल."

"सारवणाला काय धाड भरली आहे! पाय दाखव."

तिने लाजत पाऊल वळवलं. उजव्या टाचेला एक चीर अशी की तीत भाताचा दाणा उभा राहावा. कडा कडक झालेल्या, आत लाल. महाराजांच्या कपाळावर आठी पडली.

"तेल लाव."

"शेट हाकलील नं बाबा."

"आणि पाय सडला तर शेट त्याचा देणार आहे का?"

बामीने हात जोडले. "बाबा, तुमी नुसता हात फिरवा. तुमच्या हातानं बरा होल."

झालं! महाराजांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे परमेश्वरा! जो येतो तो म्हणतो हात फिरवा. नुसत्या हातानंच सगळं व्हायचं असतं तर देवानं कोकमाला बी कशाला दिली असती? त्या बीत तेल कशाला घातलं असतं? त्यानं एवढी खटपट केली, आणि तू म्हणतेस हात फिरवा. जा, तेल लाव."

बामी 'बरं' म्हणाली आणि गेली. तेल काही लावलं नाही.

आपणही असंच करतो. सत्पुरुषाचं सांगणं अवघड असेल तर निदान म्हणता येतं की जमलं नाही. पण ते सोपं असलं की पटतच नाही. बामीने नामीआजीला विचारलं. नामीआजी टाच बघून म्हणाली, "बाय बाय बाय! यात तं खेकडा बील करील!" आणि हसणं झाल्यावर तिने वडाचा चीक सांगितला. चिकाचा तवंग येत नाही, शेटला कळणार नाही. बामीने चीक भरला. रात्रभर बरं वाटलं, दुपारपर्यंत खाऱ्या पाण्याने सगळा सुटून आला आणि सुटताना बरोबर कातडी घेऊन आला. मग कुणी चुलीतली राख सांगितली, कुणी हळद. तिने तेही केलं. तेल सोडून सगळं केलं!

पुढच्या गुरुवारी महाराजांनी विचारलं, "लावलंस?"

"चीक लावला."

"मी काय सांगितलं होतं?"

"तेल."

"मग?"

बामीने फुटलेली टाच दुसऱ्या पायामागे लपवली. कडेवरची येशी महाराजांच्या विंझण्याकडे हात करत होती. महाराजांनी तो तिच्या हातात दिला आणि जमिनीवर आपटायला काही राहिलं नाही म्हणून नुसतेच चरफडले. "सगळ्यांना बाबा पाहिजे. बाबाचं ऐकायला कुणाला नको! उद्या मी मेलो की समाधीला तेल घालतील वाट्या-वाट्या. स्वतःच्या पायाला घालणार नाहीत."

पौष गेला. माघ अर्धा झाला. त्या वर्षी आगरात काहीतरी बिनसलं होतं. पाणी आत घ्यावं तेवढं आटत होतं, पण मीठ धरत नव्हतं. एरवी वाफ्याच्या कोपऱ्यांत पांढरी नक्षी दिसू लागते, तीही नाही. पोशाशेट दिवसेंदिवस चिडत चालला. परातीपाशी आता तो दोन्ही पाय बुडवायला लावू लागला.

इकडे बामीच्या जांघेत अवधाण आलं, पायाच्या जखमेने गाठ सुजली. संध्याकाळी अंग तापायचं, सकाळी पुन्हा कामावर. तापात दूध आटलं. येशी मूठ चघळत रडायची, आणि रडण्याचा आवाज कसा बारीक होत चालला आहे ते बामीला बरोबर समजायचं, दुसऱ्या कुणाला नाही. काम सोडलं तर घरात तांदूळ नाही. काम केलं तर पाय जाणार. अशा कात्रीत ती रोज टाच वर उचलून, चवड्यावर चालत वाफ्यात उतरत होती.

आणि मग तो बुधवार आला. भर दुपारी ओळ वाफ्याच्या पलीकडच्या टोकाला होती. बामीने मान वळवली, तर झोळी सपाट! येशी बाहेर आली होती आणि बांधावरून रांगत निघाली होती, थेट खाडीचं पाणी आत घेतात त्या पाटाकडे. बामी धावली. धावली म्हणजे काय, दोन पावलांत टाच फाटली आणि ती चिखलात तोंडावर पडली. उठली, पुन्हा पडली. बाकीच्यांना काय झालं ते कळेपर्यंत ती ढोपरांवर आणि हातांवर बांध चढली होती. पोरीचा एक हात पाटाच्या पाण्यात होता. दुसरा तोंडात. खाऱ्या चवीने तिने तोंड वाकडं केलं होतं, एवढंच. महाराजांची कृपा म्हणायची, दुसरं काय!

बामीने तिला पोटाशी धरलं आणि गुरुवार नसताना, तशीच चिखलाने माखलेली वखारीकडे निघाली. बरीचशी वाट बसत-उठत.

महाराज दारातच उभे होते. कुणी निरोप दिला नव्हता.

ती म्हणाली, "बाबा, आज मी हात फिरवा नाय बोलत. तेल द्या."

 महाराजांनी स्वतः चूल पेटवली, पाणी कोमट केलं, तिचे पाय घंगाळात ठेवले. जमलेल्या भक्तांमधून कुणी पुढे झालं तर त्याला डोळ्यांनीच थांबवलं. मग पाय पुसले, गोळ्यातला तुकडा पळीत धरला, आणि तिची टाच हातात घेतली. बामीने पाय ओढून घेतला. "बाबा, माझे पायाला हात नका लावू! मना पाप लागंल!"

"पाय आहे तो, निखारा नाही. आणि पापाचा हिशेब मला शिकवू नकोस. हलू नको, सांडेल."

तेल चिरेत उतरलं. बामीने दात आवळले, आणि मग, तिनेच पुढे सांगितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची टाच ठणकायची थांबली. येशीला कुणीतरी वाटीतून दूध पाजलं. दोघी तिथेच पडवीत झोपल्या. सकाळी बामीचं अंग गार होतं. अवधाण ओसरलं होतं.

त्याच सकाळी ती आगरात गेली. बांधाच्या तोंडाशी शेट, पुढे परात, मागे बायकांची रांग. बामीची पाळी आली तशी तिने पाऊल उचललंच नाही.

"शेट, परात कशाला? मी तेल लावलंय."

रांगेत कुजबुज झाली. पोशाशेटचा आधी विश्वासच बसला नाही. मग त्याने परात लाथेने उलथली. "बघा गो, बघा! इकडं माझं मीठ धरना, आन ही महाराणी टाचा चोपडून आयली! कोनी सांगलं तुना?"

"महाराजांनी."

"म्हाराजांनी!" शेट हसला. "मिठातलं काय कलतं त्याला? भाकरीत पडतं तवरंच म्हाईत. बसायला वखार मिलली म्हनून कोन आगराचा धनी, शिलोत्री होत नाय. जा, तेच्याच वखारीत पाय दे जा. तुझा वाफा मी दुसरीला दिला."

बामी म्हणाली, "शेट, माझी पोर..."

"पोर तुझी, मीठ माझं. तुझे पायानं माझं आगर बाटलं. आता या सगल्यांचे घरात काय शिजल ते तूच सांग यांना!"

आणि इथेच खरी गंमत झाली, वाईट गंमत. काल जिच्यासाठी सगळ्या हळहळल्या होत्या, तिच्याकडे आता त्याच बायका डोळे वटारून बघू लागल्या. मीठ का धरत नाही याचं उत्तर मिळालं होतं ना! नामीआजीसुद्धा म्हणाली, "काय गो बामी, आमचा तरी इचार करायचा." बामी येशीला घेऊन खाली बसली.  मनातल्या मनात ती एवढंच म्हणत राहिली, "बाबा, तुमचं ऐकलं. आता तुमी बघा."

तोच बांधावरून महाराज येताना दिसले. इतक्या वर्षांत महाराज आगराकडे कधी फिरकले नव्हते. आज ते भरभर चालत होते, एका हातात विंझणा आणि दुसऱ्या हातात कोकमाच्या तेलाचा नारळाएवढा गोळा. तोंडावर असा त्रासिक भाव की शेटसुद्धा नकळत उठून उभा राहिला.

"काय आरडाओरडा आहे?"

"म्हाराज, तुमच्या शिष्येनं तेल लावून माझं मीठ बुडवलं."

"तेल कधी लावलं?"

"काल."

"मीठ कधीपासून धरत नाही?"

"पंधरा-वीस दिस झालं."

"म्हणजे कालच्या तेलानं पंधरा दिवसांपूर्वीचं मीठ पळालं?" महाराज म्हणाले. "अरे, बोलण्याआधी माणूस निदान दिवस तरी मोजतो!"

एक-दोघी फिसकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या. शेट तांबडालाल झाला. "ते मना म्हाईत नाय. तेलकट पायाला मीठ रुसतं, हे आमचे आज्यापासनं चालत आयलंय."

"तुझ्या आज्यानं पाय कसे दिले?"

"कसे म्हंजे? पायानं."

महाराजांनी विंझणा बायकांकडे केला. "चला, त्या ओल्या वाफ्यात उतरा. रोज देता तसे पाय द्या. गाणं म्हणा हवं तर."

बायका उतरल्या. एकमेकींच्या कमरेत हात घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. महाराज म्हणाले, "आता बाजूला व्हा. शेट, इकडे ये. बघ. काय दिसतं?"

"पावलं."

"नीट बघ. परातीत बघतोस तसा मान वाकडी करून बघ."

पोशाशेट वाकला. चिखलात चवडे उमटले होते. बोटं उमटली होती. बारा बायकांच्या पावलांनी सगळा वाफा भरला होता, आणि त्यात टाच एकही नव्हती.

"टाच कुठे आहे?" महाराजांचा आवाज चढला. "एकीची तरी दाखव! सगळ्यांच्या टाचा फुटल्यात. टेकवली की जीव जातो, म्हणून सगळ्या चवड्यावर चालतात. तळ घट्ट होतो तो टाचेनं की बोटांनी? तू वीस वर्षं पाय दिलेस, सांग! तळ भुसभुशीत, पाणी खाली झिरपतंय, आणि हा गृहस्थ बांधावर बसून परातीत तेल शोधतोय! मिठाच्या काळजीनं तेल बंद केलंस, आणि त्यानंच तुझं मीठ गेलं रे. कुणाला काही दिसतं की नाही इथे?"

बायका एकमेकींच्या पायांकडे बघू लागल्या. इतके दिवस प्रत्येकीला वाटत होतं की चोरून चवड्यावर चालणारी आपण एकटीच! नामीआजीने हळूच आपलं लुगडं खाली ओढलं. तिची टाच बामीपेक्षा वाईट होती.

पण अभिमान असा लगेच सुटत नाही. पोशाशेट म्हणाला, "तुमचं खरं धरलं, तरी आता काय? आज टाच दाबली तरी मीठ दिसाया महिना जाईल. आन तेल पान्यात गेलं तं ते बी नाय. आमचं मीठ तेलात धरत नाय, म्हाराज. तुमच्या भजनानं बी धरनार नाय."

त्याने हे म्हणायला नको होतं.

महाराजांनी विचारलं, "बामीचा वाफा कुठला?"

बामीने बोट दाखवलं. अगदी कोपऱ्यातला, पाण्याने भरलेला. महाराज बांधावरून त्याच्या काठाशी गेले. हातातला तो नारळाएवढा गोळा त्यांनी दोन्ही हातांनी फोडला, आणि कुणी काही म्हणायच्या आत चुरून चुरून सगळा वाफ्यात टाकून दिला!

"अरे देवा!" शेट किंचाळला. पांढरे तुकडे पाण्यावर तरंगले, उन्हाने मऊ पडले, आणि त्यांचा तवंग इंद्रधनुष्यासारखे रंग दाखवत कडेपर्यंत पसरला. परातीत बोटभर तवंगाला भिणाऱ्या त्या बायकांनी पदर तोंडावर धरले.

"हं," महाराज म्हणाले. "घे तुझं मीठ." आणि बांधावर बसून विंझण्याने येशीला वारा घालू लागले.

कुणी हललं नाही. ऊन चढत गेलं. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग नामीआजी म्हणाली, "अगो, तवंग कुठं गेला?" खरोखर, पाण्यावर तेलाचा ठिपका नव्हता. आणि वाफ्याच्या चारी कोपऱ्यांत बारीक पांढरं काही चमकत होतं. बघता बघता कोपरे जोडले गेले. कडांवरून ते आत सरकत आलं, दाणा दाण्याला धरत. सूर्य डोक्यावर आला तेव्हा त्या वाफ्यात पाणी राहिलं नव्हतं! शेजारचे वाफे तसेच, त्यांत आभाळ दिसत होतं, आणि कोपऱ्यात हा एक बामीचा वाफा, मोगऱ्याच्या कळ्या पसरल्यासारखा पांढराशुभ्र.

"मीठ!" कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळ्याच म्हणाल्या.

पोशाशेटने वहाणा काढल्या. वाफ्यात वहाणा घालून कुणी उतरत नाही, एवढं तो विसरला नव्हता. त्याने पहिलं पाऊल टाकलं आणि जागीच थिजला. कोवळं मीठ काचेच्या चुऱ्यासारखं असतं. वीस वर्षं वहाणांत राहिलेल्या त्या मऊ तळव्यांना ते सगळीकडून टोचलं. पुढे जाववेना, मागे येववेना. तो चवड्यांवर उभा राहिला, दोन्ही हात पसरून.

"शेट," नामीआजी बांधावरून ओरडली, "टाच दाबा! टाच दाबा!"

सगळा बांध हसला. बामीसुद्धा हसली, किती तरी दिवसांनी. शेटने खाली वाकून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. मग त्याने मान वर केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पायांमुळे की कशामुळे, ते त्याचं त्याला ठाऊक. कसाबसा तो बांधावर आला आणि महाराजांच्या पायांशी लोळण घेतली.

"म्हाराज, चुकलो. मी लई बोललो."

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझे पाय ठणठणीत आहेत. त्यांना काही झालेलं नाही. ज्यांना झालंय तिकडे बघ. मी कितींदा सांगायचं?" आणि विंझणा त्यांनी जमिनीवर असा आपटला की दांडीच मोडली!

त्या दुपारी आगरात कुणी पाय दिले नाहीत. शेटच्या घरून तेलाचे गोळे आले, घंगाळं आली, पळ्या आल्या. बारा बायका बांधावर पाय लांब करून ओळीने बसल्या, एकमेकींच्या टाचा बघून नावं ठेवत, हसत. पोशाशेट सगळ्यांत आधी बामीपाशी गेला. ती उठू लागली. तो म्हणाला, "बस बाय. आता उठू नको." तिचं पाऊल त्याने मांडीवर घेतलं. चिंधी सोडली. पळी कलती केली.

बामीने पाय आखडला. "शेट, गरम हाय."

तेव्हा निगडखारच्या त्या धन्याने डोक्याचा रुमाल काढून बाजूला ठेवला, तिच्या टाचेवर पार खाली वाकला, आणि हळूहळू फुंकर घालू लागला.